गाळाची साक्ष

प्रस्तावना

ज्वालामुखी म्हटले की तप्त लाव्हारस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु लाव्हारस बहुधा संथपणे वाहतो आणि त्याच्या वाटेतून माणसाला बाजूला होता येते. ज्वालामुखीपासून कित्येक किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसांना खरा धोका असतो तो चिखलाच्या लोंढ्याचा. राख, वाळू, दगडगोटे आणि पाणी यांचा हा लोंढा डोंगरउतारावरून दऱ्यांमध्ये उतरतो आणि सखल प्रदेशात पसरून थांबतो. पाणी निघून जाते. गाळ मात्र शतकानुशतके तेथेच राहतो. या गाळात पूर्वी घडलेल्या घटनेची नोंद असते. ही नोंद कशी वाचतात आणि ती वाचूनही तिच्याकडे कानाडोळा केला, तर काय घडते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

- ज्वालामुखीजन्य चिखललोट कसा निर्माण होतो, हे सांगू शकाल;
- चिखललोटाचा गाळ आणि नदीचा नेहमीचा गाळ यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
- आर्मेरो येथील दुर्घटनेची कारणमीमांसा करू शकाल;
- शास्त्रीय ज्ञान लोकांपर्यंत पोचण्याचे महत्त्व आपल्या शब्दांत मांडू शकाल;
- पाठातील सामासिक शब्द, संधी व वाक्यरूपांतर यांचा अभ्यास करू शकाल.

मूळ पाठ

(१) चिखलाचा लोंढा

ज्वालामुखीच्या उतारावरून वाहणाऱ्या चिखललोटाला शास्त्रज्ञ 'लाहार' म्हणतात. हा शब्द इंडोनेशियातील जावा बेटावरच्या भाषेतून आला आहे. ज्या बेटावरील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हा लोंढा अनुभवला, त्यांचाच शब्द जगाने स्वीकारला.

लाहार निर्माण होण्यास दोन गोष्टी लागतात : भरपूर सुटी राख-माती आणि भरपूर पाणी. पाणी अनेक मार्गांनी मिळते. हिमाच्छादित शिखरावर उद्रेक झाला, तर उष्ण राखेने बर्फ वितळते. ज्वालामुखीच्या मुखात तळे असेल, तर ते फुटू शकते. उद्रेकानंतर उतारावर साचलेल्या राखेवर मुसळधार पाऊस कोसळला, तरी लाहार वाहू लागतो. कधी कधी तर उद्रेकाची गरजही नसते. उष्ण वायू व पाणी यांच्या दीर्घकालीन परिणामामुळे आतील खडकाची चिकणमाती होते आणि डोंगराची अशी कमकुवत झालेली बाजूच एखाद्या दिवशी ढासळते.

साधा पूर आणि लाहार यांत मोठा फरक आहे. पुराच्या पाण्यात गाळ असतो. लाहारात गाळातच पाणी मुरलेले असते. दाट लाहाराच्या एकूण घनफळात निम्म्याहून अधिक भाग दगडमातीचा असतो. तो ओल्या काँक्रीटसारखा दिसतो आणि त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते. त्यामुळे पुराच्या पाण्यात तळाशी गडगडत जाणारे मोठमोठे धोंडे लाहार लीलया उचलून नेतो. वाटेतील काठ आणि नदीचे पात्र खरवडून तो आणखी गाळ आपल्यात सामावून घेतो. म्हणूनच डोंगरावर लहान असलेला लोंढा खाली पोचेपर्यंत कित्येक पटींनी वाढलेला असतो.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. 'लाहार' हा शब्द मूळचा (अ) कोलंबियातील (आ) जावा बेटावरील (इ) जपानमधील आहे.
२. दाट लाहारात सर्वांत जास्त प्रमाण (अ) पाण्याचे (आ) लाव्हारसाचे (इ) दगडमातीचे असते.

(२) गाळाची लिपी

नदी आपला गाळ निवडून, टिपून ठेवते. प्रवाहाचा वेग कमी होऊ लागला, की आधी गोटे, मग वाळू आणि शेवटी बारीक माती खाली बसते. म्हणून नदीकाठच्या दरडीत एकाच्या वर एक असे सुबक थर दिसतात आणि एका थरातील कण साधारणपणे एकाच आकाराचे असतात.

दाट लाहाराला अशी निवड करण्यास सवड नसते. सखल व मोकळ्या जागी आल्यावर तो पसरतो, त्याची जाडी कमी होते, पाणी झिरपून जाते आणि कणांचे परस्परांशी होणारे घर्षण वाढून तो जागच्या जागी थिजतो. त्यामुळे त्याच्या निक्षेपात धोंडे, खडे, वाळू आणि माती एकत्र मिसळलेली असतात. मोठे धोंडे एकमेकांवर टेकलेले नसतात. खिरापतीत खोबऱ्याचे तुकडे विखुरलेले असावेत, तसे ते बारीक मिश्रणात अडकून राहिलेले दिसतात. पुष्कळदा तळाशी बारीक कण आणि वरच्या बाजूला भरड दगड अशी उलटी मांडणीही आढळते. लोंढ्याच्या कडेला धोंड्यांचे लांबट बांध तयार होतात. पृष्ठभाग मात्र बराचसा सपाट असतो.

लाहार पुढे गेला आणि नदीचे पाणी त्याच्यात मिसळले, की तो पातळ होतो. अशा वेळी मागे राहणारा गाळ मुख्यतः वाळूचा असतो आणि त्यात पुसट आडवे थर दिसू लागतात. एकाच लाहाराने डोंगराजवळ एक आणि दूरवर दुसरे अक्षर उमटवलेले असते. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेले लाहार मात्र सहसा पातळ होत नाहीत. ते शेवटपर्यंत दाटच राहतात.

या गाळात आणखी एक मौल्यवान गोष्ट सापडते, ती म्हणजे लाकूड. लोंढ्याने उपटून आणलेले किंवा उभ्याउभ्या गाडलेले वृक्ष त्यात टिकून राहतात. त्या लाकडातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण मोजून लोंढा केव्हा आला, हे ठरवता येते. दोन लाहारांच्या निक्षेपांमध्ये जर काळ्या मातीचा थर आणि मुळांच्या खुणा असतील, तर मधल्या काळात तेथे झाडे वाढली, जमीन शांत राहिली, असा अर्थ होतो. एकावर एक असे चार निक्षेप असतील, तर लोंढा त्या जागी निदान चार वेळा आला आहे, हे सांगायला अन्य साक्षीदार लागत नाही.

करून पाहा

रुंद तोंडाच्या दोन सारख्या पारदर्शक बरण्या घ्या. दोहोंत वाळू, बारीक खडे आणि माती यांचे सारखेच मिश्रण निम्म्यापर्यंत भरा. पहिल्या बरणीत काठोकाठ पाणी ओता. दुसरीत मिश्रण जेमतेम घट्ट लापशीसारखे होईल इतकेच पाणी घाला. झाकणे लावून दोन्ही बरण्या जोराने हलवा आणि स्थिर ठेवा. पहिल्या बरणीत कणांचे थर कसे बसतात आणि दुसरीत काय दिसते, याचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.

(३) ज्या गाळाला हिमनदीचा समजले गेले

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअर हा हिमाच्छादित ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्यापासून दूर एक विस्तीर्ण सपाट प्रदेश पसरलेला आहे. तेथील दगडमातीचे सरमिसळ मिश्रण पाहून तो हिमनदीने आणलेला गाळ असावा, असे पूर्वी मानले जात होते. हा समज स्वाभाविक होता. कारण हिमनदीही आपला गाळ निवडत नाही. परंतु १९५० च्या दशकात ड्वाइट क्रँडेल आणि त्यांचे सहकारी यांनी या गाळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात रेनिअर पर्वताचेच खडक, तेथील खडकापासून बनलेली चिकणमाती आणि लाकडाचे अवशेष होते. हा हिमनदीचा गाळ नसून एका प्रचंड चिखललोटाचा निक्षेप आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी या पर्वताचा माथा आणि एक बाजू ढासळून तो लोंढा निघाला होता. सुमारे ३.८ घन किलोमीटर दगडमाती घेऊन तो थेट समुद्राच्या खाडीपर्यंत पोचला. आज त्या गाळावर शेती आहे आणि गावेही वसलेली आहेत. जवळच्या दुसऱ्या एका दरीतील ऑर्टिंग हे गाव सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या एका लाहाराच्या गाळावर उभे आहे. तेथे घरांसाठी खोदकाम करताना गाडलेल्या जुन्या वृक्षांचे बुंधे सापडले आहेत. ऑर्टिंगच्या लोकांनी गाव सोडलेले नाही. परंतु दरीत लोंढ्याची चाहूल घेणारी यंत्रे बसवलेली आहेत आणि शाळेतील मुले उंच जागी चालत जाण्याचा सराव करतात.

(४) आर्मेरो

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात, अँडीज पर्वतरांगेत नेवादो देल रुइझ नावाचा सुमारे ५,३०० मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. विषुववृत्तापासून जवळ असूनही त्याच्या माथ्यावर कायम बर्फ असते. त्याच्या पूर्वेस, लागुनिया नदी डोंगरातून बाहेर पडून मैदानात उतरते, तेथे आर्मेरो हे शहर होते. भोवतालची जमीन सुपीक होती आणि कापूस व भात यांची शेती भरभराटीला आलेली होती. १९८५ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे २९,००० होती.

ही सपाट, सुपीक जमीन कोठून आली होती? ती ज्वालामुखीनेच आणून टाकलेली होती. १५९५ मध्ये रुइझच्या उद्रेकानंतर चिखलाचे लोंढे नद्यांतून खाली आले आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. १८४५ च्या फेब्रुवारीत पुन्हा एक लोंढा लागुनियाच्या दरीतून आला आणि त्याने सुमारे एक हजार माणसांचा बळी घेतला. कोलंबियातील विद्वान होआकिन आकोस्ता यांनी त्या घटनेचा वृत्तांत लिहून ठेवला. पुढे त्याच वाळलेल्या चिखलावर लोकांनी घरे बांधली, शेते नांगरली आणि तेथे आर्मेरो वाढले. शहराच्या पायाखालची जमीनच धोक्याची साक्ष देत होती.

१९८४ च्या अखेरीस रुइझ पर्वत जागा होऊ लागला. भूकंपाचे हादरे जाणवू लागले. सप्टेंबर १९८५ मध्ये राख व वाफ यांचा स्फोटही झाला. भूवैज्ञानिकांनी दऱ्यांमधील जुने निक्षेप तपासून धोक्याचा नकाशा तयार केला. ७ ऑक्टोबर १९८५ रोजी तो सादर करण्यात आला. त्यात आर्मेरो चिखललोटाच्या वाटेवर दाखवलेले होते. नकाशा अचूक होता, पण तो लोकांपर्यंत पोचला नाही. उगाच घबराट पसरवली जात आहे, अशी टीकाही झाली. शहर रिकामे करण्याचा खर्च मोठा होता आणि उद्रेकाची निश्चित वेळ कोणालाही सांगता येत नव्हती.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारी पर्वतातून राख बाहेर पडली आणि सायंकाळी ती आर्मेरोवर पडू लागली. लोकांना शांत राहण्यास सांगण्यात आले. रात्री नऊनंतर मुख्य उद्रेक झाला. तो फार मोठा नव्हता. शिखरावरील बर्फाचा सुमारे दहावा हिस्साच त्यात नष्ट झाला. परंतु तेवढे पाणी पुरेसे होते. उष्ण राख व वितळलेले बर्फ यांचे मिश्रण अरुंद दऱ्यांतून सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत सुटले. वाटेतील गाळ सामावून घेत काही लोंढे मूळ आकाराच्या जवळजवळ चौपट झाले. सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर कापून रात्री साडेअकराच्या सुमारास पहिला मोठा लोंढा आर्मेरोत शिरला. उद्रेक आणि लोंढा यांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ होता आणि उंच टेकड्या शहरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होत्या.

त्या रात्री एकूण तेवीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील वीस हजारांहून अधिक एकट्या आर्मेरोतील होती. चिखल नेमका तेथेच पसरला, जेथे १८४५ चा चिखल पसरला होता आणि जेथे तो पसरेल, असे नकाशाने दाखवले होते. आर्मेरो पुन्हा बांधले गेले नाही. वाचलेल्यांतील अनेकजण जवळच्या गावांत स्थायिक झाले. ज्या जमिनीवर शहर होते, ती आज मृतांची स्मृतिभूमी म्हणून जपली जाते.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. माउंट रेनिअरजवळचा गाळ पूर्वी कशाचा समजला जात होता?
२. आर्मेरो शहर कोणती नदी डोंगरातून मैदानात उतरते, तेथे वसले होते?
३. धोक्याचा नकाशा कशाच्या आधारे तयार केला होता?

(५) ज्ञान आणि वाट

१९९१ च्या जून महिन्यात फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. उद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलवण्यात आले आणि असंख्य प्राण वाचले. परंतु उतारावर साचलेली राख तेथेच राहिली होती. पुढील अनेक वर्षे दरवर्षी पावसाळ्यात ती लाहार बनून खाली आली. नद्यांची पात्रे गाळाने भरून आली आणि पाणी नवनव्या वाटा शोधू लागले. १९९५ मध्ये बाकोलोर गावातील जुने चर्च निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा मीटर, गाळात गाडले गेले. लोकांनी ते सोडले नाही. आतील जमीन उंच करून घेतली आणि पूर्वी जेथे खिडक्या होत्या, तेथून ये-जा सुरू केली. ज्वालामुखी शांत झाला म्हणजे धोका टळला असे नाही, हे बाकोलोर आपल्याला शिकवते.

कोलंबियानेही आर्मेरोचा धडा विसरला नाही. ज्वालामुखींवर सतत लक्ष ठेवणारी वेधशाळा तेथे उभी राहिली. २००७ च्या एप्रिलमध्ये नेवादो देल उइला या दुसऱ्या हिमाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पाएझ नदीत मोठे लाहार आले. या वेळी इशारा वेळेवर पोचला. नदीकाठच्या लोकांना कोणत्या वाटेने वर जायचे, हे ठाऊक होते. हजारो माणसे रात्रीच उंच जागी गेली. पूल आणि घरे वाहून गेली, माणसे वाचली.

दोन्ही वेळी चिखल सारखाच होता आणि गाळ वाचण्याची विद्याही दोन्ही वेळी उपलब्ध होती. १९८५ मध्ये ती विद्या नकाशाच्या कागदावर राहिली. २००७ मध्ये ती नदीकाठच्या घरांत पोचली होती. सुपीक जमिनीवर राहू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती जमीन कोणी आणून टाकली आणि तो पुन्हा आला तर आपण कोणत्या वाटेने जायचे, हे तेथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

शब्दार्थ

निक्षेप – वाहून येऊन साचलेला गाळ
दरड – नदीकाठचा किंवा डोंगराचा उभा तुटलेला भाग
उद्रेक – ज्वालामुखीचा स्फोट
घनता – ठरावीक आकारमानात असलेले वस्तुमान
लीलया – सहज, विनासायास
थिजणे – घट्ट होऊन स्थिर होणे
कानाडोळा करणे – जाणूनबुजून दुर्लक्ष करणे
सामावून घेणे – आपल्यात मिसळून घेणे

भाषाभ्यास

(अ) समास. पुढील शब्दांचा विग्रह पाहा.
नदीकाठ – नदीचा काठ (षष्ठी तत्पुरुष)
दगडगोटे – दगड, गोटे इत्यादी (समाहार द्वंद्व)
दरवर्षी – प्रत्येक वर्षी (अव्ययीभाव)

(आ) संधी. हिम + आच्छादित = हिमाच्छादित. येथे 'अ' आणि 'आ' मिळून 'आ' झाला आहे. याच नियमाने 'विद्या + आलय' आणि 'स्मृती + अंश' यांपैकी कोणती संधी होते, ते ओळखा.

(इ) वाक्यरूपांतर. एकच आशय तीन प्रकारे मांडता येतो.
संयुक्त वाक्य : नकाशा अचूक होता, पण तो लोकांपर्यंत पोचला नाही.
मिश्र वाक्य : नकाशा जरी अचूक होता, तरी तो लोकांपर्यंत पोचला नाही.
केवल वाक्य : अचूक असूनही नकाशा लोकांपर्यंत पोचला नाही.

तुम्ही काय शिकलात?

- सुटी राख-माती आणि पाणी एकत्र आले, की लाहार निर्माण होतो. त्यासाठी दर वेळी उद्रेक आवश्यक नसतो.
- नदीचा गाळ थरांनी बसतो. दाट लाहाराचा गाळ सरमिसळ असतो.
- जुन्या निक्षेपांवरून लोंढा कोठवर आणि किती वेळा आला, हे कळते.
- धोक्याचे ज्ञान लोकांपर्यंत पोचले, तरच ते जीव वाचवते.

पाठान्त प्रश्न

१. लाहारासाठी लागणारे पाणी कोणकोणत्या मार्गांनी मिळते, ते लिहा.
२. नदीचा गाळ आणि लाहाराचा गाळ यांतील फरक चार मुद्द्यांत सांगा.
३. 'शहराच्या पायाखालची जमीनच धोक्याची साक्ष देत होती,' या विधानाचा अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करा.
४. आर्मेरो येथील १९८५ ची घटना आणि पाएझ नदीकाठची २००७ ची घटना यांची तुलना करा.
५. पुढील वाक्य मिश्र करा : उद्रेक मोठा नव्हता, पण हानी प्रचंड झाली.
६. तुमच्या गावात पूर्वी आलेला पूर, कोसळलेली दरड किंवा अन्य आपत्ती यांविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा. पाणी किंवा माती कोठवर आली होती, त्या खुणा आज कोठे दिसतात आणि सुरक्षित जागी जाण्याची वाट कोणती, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १ : १. (आ) २. (इ)

पाठगत प्रश्न २ : १. पूर्वी तो हिमनदीचा गाळ समजला जात होता. २. लागुनिया नदी डोंगरातून मैदानात उतरते, तेथे आर्मेरो वसले होते. ३. दऱ्यांमधील जुने निक्षेप तपासून तो नकाशा तयार केला होता.

भाषाभ्यास (आ) : 'विद्या + आलय = विद्यालय' ही दीर्घ 'आ' होणारी संधी आहे. 'स्मृती + अंश' मध्ये 'ई' पुढे 'अ' आल्याने 'य' होतो. म्हणून ती या नियमात बसत नाही.

पाठान्त प्रश्न ५ : उद्रेक जरी मोठा नव्हता, तरी हानी प्रचंड झाली.